जरा बाजूला होता का?

युरोपातल्या कुठल्याही जुन्या कॅथेड्रलमध्ये शिरलेला माणूस पहिल्या मिनिटात दोनच गोष्टी करतो. मान वर करतो आणि खिशात हात घालतो. मान वर जाते ती आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांच्या हुकमतीने. त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. खिशातला हात मात्र फोन शोधत असतो. देणगीची पेटी दारातच असते, हल्ली तिच्यावर कार्ड टेकवायचं यंत्रही बसवलेलं असतं. पण ती दिसायची तर मान खाली असावी लागते.

इथून पुढे तो माणूस आणि ती वास्तू यांची जुंपते. बांधणाऱ्यांची सगळी खटपट अशी, की आत येणाऱ्याला आपण फार लहान आहोत असं वाटावं. फोटो काढणाऱ्याची खटपट अशी, की हे सगळं लहान होऊन आपल्या तळहातावर मावावं. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलचं छत जमिनीपासून सुमारे 48 मीटर उंच आहे. म्हणजे आत सोळा मजली इमारत उभी राहील. उंचीच्या या हौसेपायी 1284 साली त्यातला बराच भाग खाली आला होता. जे दगडाला झेपलं नाही ते आपल्या फोनला झेपावं, अशी आपली साधी अपेक्षा असते. तिथे आजही आत भलेमोठे टेकू लावलेले आहेत आणि ते नेमके चौकटीत येतात म्हणून फोटोवाले हळहळतात. टेकू काढले तर चौकट मोकळी होईल हे खरंच आहे. फार मोकळी होईल.

उंची मावत नाही म्हटल्यावर माणूस फोन मागे कलता करतो. फोन कलला की दोन्हीकडचे खांब एकमेकांच्या खांद्यावर मान टाकायला निघतात आणि शतकानुशतकं ताठ उभी असलेली इमारत आता पडते की मग, अशी फोटोत दिसू लागते. यावर शास्त्रोक्त इलाज आहे. टिल्ट-शिफ्ट नावाची लेन्स मिळते. कॅमेरा सरळ धरून नुसती लेन्स वर सरकवायची, खांब सरळच्या सरळ. तिची किंमत कळली की माणसाला वाकड्या खांबांतलं सौंदर्य दिसू लागतं.

मग उरते वाइड अँगल, जी आता फोनमध्येही असते. तिच्यात छत येतं, फरशी येते, दोन्हीकडचे खांब येतात, आणि कडेला उभी केलेली आपली माणसं आडवी वाढतात. अशा लेन्समध्ये कडेला जे येईल ते ताणलं जातं, हा भूमितीचा नियम आहे. पण आत्याबाईंना भूमिती सांगून उपयोग नसतो. "मलाच बरी कडेला उभी केलीस!" एवढंच त्या म्हणतात आणि पुढच्या गावापर्यंत बसमध्ये बोलत नाहीत. पुढच्या गावी जे कॅथेड्रल असतं, तिथे सगळं कुटुंब मधल्या वाटेत एकामागे एक उभं राहतं.

"अहो, सगळं आलं का?"

"छत आलं."

"आणि मी?"

"तू येतेस गं, पण मग ऑर्गन जातो."

"ऑर्गन काय आपल्या ओळखीचा आहे?"

या प्रश्नाला कुठल्याही लेन्सकडे उत्तर नाही.

छताचा ध्यास फार वाढला की माणूस आडवा होतो. हे दृश्य जवळून बघण्यासारखं असतं. इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांत जमिनीवरच्या बऱ्याचशा फरश्या म्हणजे थडग्यांच्या शिळा असतात. हा गडी पाठ टेकतो ती कुण्या अठराव्या शतकातल्या आदरणीय डीनसाहेबांवर आणि त्यांच्या सुशील पत्नीवर. पायांच्या टाचा त्यांच्या सद्गुणांच्या यादीवर. शेजारी चौथऱ्यावर एक दगडी सरदार उताणा पहुडलेला असतो. हात छातीवर जोडलेले, पायाशी दगडी कुत्रा. हाही उताणा, छातीवर दोन्ही हातांत फोन, पायाशी पाठपिशवी. सरदार सहाशे वर्षं तेच छत बघतो आहे आणि त्याचं अजून बघून झालेलं नाही. याचं पंधरा सेकंदांत होतं. तेवढ्यात तिथल्या स्वयंसेविका आजी येतात. निवृत्तीनंतर आठवड्यातून एखादा दिवस कॅथेड्रलला देणाऱ्या अशा आज्या-आजोबांवर तिथलं कितीतरी काम चालतं. त्या वाकून अत्यंत मायेने विचारतात, "आपल्याला बरं वाटतंय ना?" इंग्रजांच्या देशात याचा अर्थ 'ऊठ आधी' असा होतो.

लोकांनी लोळू नये म्हणून काही ठिकाणी चाकांवरचा आरसा ठेवलेला असतो. खाली बघा, वरचं दिसेल. दिसतंही. पण आरसा माणसामाणसांत भेद करत नाही, त्यामुळे त्या फोटोत मध्ययुगीन छत, फोनची पाठ आणि दोन नाकपुड्या असा त्रिवेणी संगम होतो.

आता उजेड. दाराशी पाटी असते, 'फ्लॅश वापरू नये'. ही पाटी नसती तरी काही बिघडलं नसतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, हा निसर्गाचा हिशेब आहे. कॅथेड्रलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायची फोनच्या फ्लॅशची ताकद नाही. तो पोचतो पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या टकलापर्यंत. टक्कल अप्रतिम येतं. त्यामागचं तेरावं शतक काळं येतं.

फ्लॅश न वापरणाऱ्या जाणकारांचं दुखणं वेगळं. रंगीत काचांची खिडकी धरली तर भिंत काळी पडते, भिंत धरली तर खिडकी पांढरीफटक उडते. आपला डोळा हे दोन्ही एका नजरेत सांभाळतो, पण डोळ्यावरून प्रिंट निघत नाही. म्हणून हे लोक एकाच दृश्याचे तीन-चार फोटो काढतात, एक उजेडासाठी, एक अंधारासाठी, उरलेले मनःशांतीसाठी, आणि घरी जाऊन ते एकमेकांत मिसळतात. हात बेताचा असला तर चांगलं होतं. हात सैल सुटला की खांबाखांबातून उजेड पाझरू लागतो, सावली नावालाही उरत नाही आणि बाराव्या शतकातली गंभीर इमारत दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखी दिसू लागते. असे फोटो बघून प्रत्यक्ष तिथे गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की आज लाइट गेलेत का?

या अंधाराचीही एक गंमत आहे. शार्त्रचं कॅथेड्रल म्हटलं की गूढ काळोख आणि त्यात तरंगणाऱ्या निळ्या काचा, असं चित्र पिढ्यान्‌पिढ्या मनात बसलेलं होतं. 2009 सालापासून तिथे आतून साफसफाई सुरू झाली, तेव्हा त्या गूढतेचा मोठा हिस्सा मेणबत्त्यांच्या आणि हीटिंगच्या काजळीचा निघाला. खालून फिक्कट, उजळ भिंती बाहेर आल्या. काळी म्हणून ख्यातकीर्त असलेली मेरीची मूर्तीही गोरी झाली. केवढा गहजब! टीकालेख आले, काम थांबवा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. मूळ बांधणाऱ्यांना हे असंच हवं होतं, असं संवर्धनवाले सांगत होते. आम्हाला काय हवं होतं ते विचारा, असं विरोधक सांगत होते. पॅरिसच्या नोत्र दामचंही तेच. 15 एप्रिल 2019 ला आग लागली, डिसेंबर 2024 मध्ये दारं पुन्हा उघडली, आणि आत दगड असा स्वच्छ की ज्यांनी आगीपूर्वी काळोखाशी झगडून दाणेदार फोटो काढले होते त्यांचे हात आता आभाळाला लागले. त्यांच्याकडे 'मूळचा अंधार' आहे.

कोलोनमध्ये तर खुद्द खिडकीनेच फोटोवाल्यांची चेष्टा केली आहे. 1248 साली पाया घातलेलं आणि 1880 साली पूर्ण झालेलं हे कॅथेड्रल. इतकी वर्षं चाललेलं काम ऐकून आपल्याकडच्या उड्डाणपुलांविषयी मनात ममत्व दाटून येतं. तिथे 2007 साली गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने एक नवी खिडकी दिली. संत नाहीत, देवदूत नाहीत; 72 रंगांचे काचेचे 11,263 चौकोन, आणि त्यांची मांडणी बरीचशी संगणकाच्या मर्जीवर सोडलेली. तिथल्या कार्डिनलना ती पसंत पडली नाही. फोटो काढणाऱ्यांची पंचाईत त्याहून मोठी. कितीही महागड्या कॅमेऱ्याने काढा, फोटो घरी दाखवला की लोक म्हणतात, "फार झूम केलंस वाटतं. चौकोन चौकोन दिसतायत."

अंधारात हात हलू नये म्हणून कॅमेऱ्याला तीन पाय लागतात, आणि ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी मज्जाव. कुणी अडखळून पडेल, फरशीला ओरखडे जातील, धंदेवाईक शूटिंग असेल, कारणं रास्तच असतात. मग दोन पायांवरच भागवावं लागतं. कुणी खांबाला खांदा लावून, डोळे अर्धवट मिटून, श्वास रोखून उभा असतो. कुणी बाकाच्या पाठीवर कोपरं टेकवून मान खाली घालतो. कुणी चक्क गुडघे टेकतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, केवढी ही भक्ती! युरोपात चर्चला जाणारे कमी झाले अशी ओरड ऐकू येते, पण आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी दोन वाजता गुडघे टेकलेले जे भाविक दिसतात ते या संप्रदायाचे. त्यांची प्रार्थनाही एकच असते, 'देवा, समोरचा तो पिवळ्या जाकिटातला माणूस हलू दे.'

इथे आपण मूळ मुद्द्यावर आलो. कॅथेड्रलच्या आतल्या फोटोत माणूस चालत नाही. का चालत नाही, हे कुणी कुणाला विचारत नाही. हजारो माणसं मावावीत म्हणून बांधलेली जागा फोटोत मात्र ओस हवी, जणू प्लेग येऊन गेला आणि एकटा फोटोग्राफर तेवढा वाचला. माणसापाठोपाठ माणसाच्या खुणाही नको होतात. एकावर एक रचलेल्या खुर्च्या नकोत, एक्झिटची हिरवी पाटी नको, अग्निशामक नळकांडं नको, खोळ घातलेला पियानो नको. रविवारच्या फुलांची मांडणी करणाऱ्या बाईंनी त्या मोठ्या फुलदाणीपासून थोडं दूर व्हावं. व्हॅक्यूम क्लीनर फिरवणाऱ्या मुलाने तर पुढच्या शतकात यावं. आपल्या मराठी सहलींना हे सगळं अर्ध्या तासात घडवून आणायचं असतं. "काका, बस काढतोय हं!" अशी हाक बाहेरून येते, तेव्हा काका दोन्ही हातांनी हवा बाजूला सारत अनोळखी इटालियन कुटुंबाला खुणावत असतात, जरा बाजूला होता का? इटालियन कुटुंब सौजन्याने हसतं आणि काकांना तशीच खूण करतं. दोघांनाही एकाच खांबाचा, एकमेकांशिवायचा फोटो हवा असतो.

अलीकडे फोनमध्ये नको ते पुसायची सोय आली आहे. पिवळं जाकीट बोटाने घासलं की गायब. मात्र जाकिटाच्या जागी काय होतं ते फोनला ठाऊक नसतं, तो अंदाजाने भरतो. मग चार खांबांचे साडेचार होतात, आणि मध्ययुगातल्या एकाही गवंड्याला न सुचलेली अशी कमान तयार होते की जिचा एक पाय जमिनीला लागलेलाच नाही. कौटुंबिक ग्रुपवर तिलाही अंगठे मिळतात.

या रिकामपणाच्या संप्रदायाचा मूळपुरुष शोधायचा तर फ्रेडरिक इव्हान्सपाशी जावं लागेल. लंडनमधला पुस्तकविक्रेता, जन्म 1853 चा. दुकान सोडून त्याने कॅथेड्रलांचे अंतर्भाग टिपायचा ध्यास घेतला. आजच्या माणसाचा अर्धा तास जातो तिथे हा मुक्काम ठोकायचा, कुठल्या वेळी कुठून उजेड येतो ते नुसतं बघत बसायचा. चौकटीत अडथळा करणाऱ्या खुर्च्या आणि सामान हलवून द्यायला तिथल्या अधिकाऱ्यांना राजी करायचा. एका फोटोसाठी चर्च आवरून घेणारा हा पहिला यजमान नसलेला माणूस असावा! प्लॅटिनमच्या कागदावर तो प्रिंट काढायचा, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्लॅटिनम परवडेना तेव्हा त्याने फोटोग्राफीच आवरती घेतली. दुय्यम कागदावर काढण्यापेक्षा न काढलेलं बरं. आपल्या फोनमधले तेच ते छताचे फोटो आठवून इथे थोडं लाजायला हरकत नाही.

याच इव्हान्सचा सर्वांत गाजलेला फोटो 1903 सालचा आहे, इंग्लंडमधल्या वेल्स गावच्या कॅथेड्रलमधल्या दगडी जिन्याचा. वेल्स म्हणजे तेच, जिथे मनोरा खचू लागला म्हणून 1338 ते 1348 या काळात कात्रीच्या आकाराच्या प्रचंड कमानी घालून तो सावरला, आणि आता लोक ती दुरुस्तीच बघायला जातात. फोटोतला जिना धर्मगुरूंच्या बैठकीच्या अष्टकोनी दालनाकडे जातो. चित्रात चिटपाखरू नाही. पण पायऱ्या बघा. एकही पायरी सपाट नाही. मधोमध खोल झिजलेल्या, कडांना वर उचललेल्या, एकीवर एक अशा चढत गेलेल्या लाटाच. इव्हान्सने त्या फोटोला समुद्राचंच नाव दिलं. आणि त्या लाटा उठवल्या कुणी? सहाशे वर्षं बैठकीला उशीर झाला म्हणून धापा टाकत चढलेल्या, बैठक आटोपली म्हणून घाईने उतरलेल्या पायांनी. सगळी माणसं बाजूला काढून घेतलेला जगातला हा नावाजलेला फोटो बाकी कशाचाच नाही, फक्त माणसांच्या गर्दीचा आहे. ते लोक वेळेवर बाजूला झाले असते, तर इव्हान्सला कुठलाही साधा जिना मिळाला असता.

खुद्द कॅमेऱ्याचा गर्दीविषयीचा न्याय मात्र बघण्यासारखा आहे. शटर मिनिट-दोन मिनिटं उघडं ठेवलं तर चालती माणसं फोटोत उमटतच नाहीत. आद्य फोटोग्राफर दागेरने 1838 साली पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला, त्यात रस्ता रिकामा आला. बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक इसम तेवढा टिकला. कॅथेड्रलमध्येही हाच नियम. सेल्फी काढून पुढे पळणारे पुसले जातात, झेंडी धरून धावणारा गाइड पुसला जातो, पिवळं जाकीट पुसलं जातं. उरतात ती बाकावर डोळे मिटून बसलेली म्हातारी आणि भिंतीवरचा शिलालेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एखादा विक्षिप्त. कुणाला ठेवायचं हे यंत्राला बरोबर कळतं. पण त्यासाठी ट्रायपॉड लागतो, आणि ट्रायपॉड बाहेर ठेवलेला असतो.

आपल्या मुंबईत हीच तऱ्हा थोड्या निराळ्या हवेत चालते. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल 1718 साली उपासनेला खुलं झालं. चर्चगेटला रोज उतरणाऱ्या गर्दीच्या तोंडी ज्या चर्चचा उल्लेख नकळत असतो, ते हे. आत कंपनी सरकारच्या काळातली संगमरवरी स्मारकं आहेत, उंच खिडक्या आहेत, आणि छतातून लांबलचक दांड्यांवर खाली आलेले पंखे आहेत. वर बघून काढलेल्या कुठल्याही फोटोत पंखा येतोच. शटर हळू असेल तर गरगरीत चकती, जलद असेल तर तीन पाती. पंखा नको असेल तर तो काढा म्हणून मे महिन्यात तिथे बसलेल्या कुणाला सांगून बघावं. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल याबाबत दयाळू. पांढऱ्या भिंती, भरपूर उजेड, समोर सोन्याने मढवलेली सेंट कॅथरीनची वेदी. तिथे अडचण होते बाहेर आल्यावर. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 साली पडला तो पडलाच. आत खांबांची सममिती साधून आलेला माणूस अंगणात उभा राहतो आणि चौकट डावीउजवीकडे सरकवत राहतो, दुसरा मनोरा कुठेतरी असलाच पाहिजे या भरवशावर.

लोकांना छत बघायचं असतं पण दिसत नाही, यावर सर्वांत धाडसी तोडगा काढला तो इंग्लंडमधल्या नॉर्विचने. तिथल्या छतात, कमानींच्या फासळ्या जिथे एकत्र येतात त्या गाठींवर, हजाराहून अधिक रंगीत कोरीव चित्रं आहेत. मुख्य दालनाच्या छतात सृष्टीच्या उत्पत्तीपासून अखेरच्या न्यायापर्यंत सगळं बायबल आहे, फक्त वाचायला गरुडाची नजर हवी. सिस्टीन चॅपेलचं छत बघताना तिथल्या एका धर्माधिकाऱ्याच्या मनात आलं, की आपलंही छत लोकांना जवळून दिसायला हवं. मग ऑगस्ट 2019 मध्ये त्यांनी जत्रेतली गोल गोल उतरणारी घसरगुंडी आणली, 55 फूट उंच, लाल-पिवळी, आणि थेट मुख्य दालनात उभी केली. वर चढा, चित्रं जवळून बघा, चटईवर बसून खाली या. टीका व्हायची ती झालीच. पण माणसं आली, पोरं आली, आज्या वर चढल्या. एका बिशपनी तर घसरगुंडीवरच अर्ध्यात बसून प्रवचन दिलं आणि ते संपवून खाली घसरले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले ते बिशपचे. हजार चित्रांतलं एकही कुणी छापायच्या भानगडीत पडलं नाही. कॅथेड्रलच्या अंतर्भागाचा इतका चैतन्याने भरलेला फोटो क्वचित निघाला असेल, आणि तो काढताना बिशपना 'जरा बाजूला होता का' असं म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. म्हणून उपयोगही नव्हता. वरून बिशप घसरत येत असले की बाजूला आपण व्हायचं असतं.